पांदणीच्या मापाची गाडी

“काका, खाली वाकून पाहा,” सेल्समन धम्मदीप म्हणाला, तर गोवर्धनजी पांढऱ्या पायजम्याची पर्वा न करता अमरावतीच्या त्या चकचकीत शोरूमच्या फरशीवर सरळ आडवेच झाले. पिकअपच्या पोटाखालून त्यांचा आवाज आला. “हो, दिसून राहिलं. हिचा दांडा पुढच्या चाकाईलेही गेला.”

“तोच फरक. हिची चारही चाकं ओढतात. ती बाजूची टू-व्हील, तिची मागची दोनच ओढतात. चिखलात ही निघते, ती फसते. बाकी दोघी सख्ख्या बहिणी समजा. किमतीत मात्र बराच फरक आहे.”

“फसत नाई ते द्या,” त्यांच्या पत्नी वच्छलाबाई खुर्चीतूनच बोलल्या. विषय संपला.

संपतो कुठला! गोवर्धनजी पायजमा झटकत उठले. “अवं, पण कायले? पांदण पक्की होऊनच राहिली ना. गीतानं सांगतलं ना तुले.”

“तीन पावसाळे झाले सांगून राहिली थे. मांगच्या पोळ्याले भाड्याची गाडी फसली, तवा फुलं डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत कोण गेलं? तुमी का मी?”

शेतातून मोर्शीच्या सडकेला लागायला ती एक पांदणच, म्हणजे कच्ची गाडीवाटच होती, आणि पावसाळ्यात तिथली काळी माती माणसाची चप्पलसुद्धा परत देत नाही. बाजार गाठेपर्यंत झेंडू काळा पडला होता. पण गोवर्धनजींचंही एक म्हणणं होतं. पोरगी गीतांजली सरकारी इंजिनिअर, पांदणीचं काम तिच्याचकडे. तिच्या बापानंच चिखलातली गाडी घेतली तर गाव म्हणेल, बापालाच पोरीचा भरवसा नाही. खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं.

तेवढ्यात गीतांजली आली. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून परस्पर निघाली होती. दोघांनी एकदमच तिला विचारलं. ती ग्लासभर पाणी प्यायली, गाड्यांकडे तिनं बघितलंही नाही.

“चारही चाकं ओढते तेच घ्या, बाबा.”

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की बस्स. मग पोरीचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्यांचा तोरा गेला. “काहून वं? रस्ता मंजूर नाई झाला का?”

“मंजूर कवाचाच झाला. ठेकेदार दोनदा मशीन घेऊन आला अन् वापस गेला. नकाशात पांदण तेहतीस फूट, जमिनीवर बारा. दोन्ही बाजूनं साऱ्याईनं धुरे-बांध आत सरकवले. रस्ता करू कुठी?”

“मंग सांगायचं ना लोकाईले, मांगं सरका म्हून.”

“सांगतलं.” गीतांजली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मंगळवारी मोजायची फीत घेऊन उभी होती मी पांदणीत. शेजारचे नत्थुजी काका म्हणाले, पह्यले तुया मायच्या झेंडूच्या सऱ्या उचल, मंग आमाले कायदा शिकव. सारे हासले. मी फीत गुंडाळली अन् निंगून आली.”

धम्मदीप उगाचच माहितीपत्रकं नीट लावू लागला.

पांदणीकडच्या त्या तीन सऱ्या. धुरा सरकवला होता सासऱ्यानं, वच्छलाबाई त्या घरात आल्याही नव्हत्या तेव्हा. पण तिथं झेंडू लावला तो त्यांनी. बाकीच्या शेतातलं सगळं नवऱ्याच्या हातात. त्या तीन सऱ्यांचा हिशेब मात्र त्यांना कुणी विचारत नसे.

“मले नाई सांगतलं तू,” त्या म्हणाल्या.

“कोणत्या तोंडानं सांगू आई? त्याच फुलाईच्या पैशावर शिकली मी.”

“जाऊ दे बापा,” गोवर्धनजी मध्ये पडले. मघाचा भरवसा कुठल्या कुठे गेला होता. “कायले गावासंग वैर? घेऊन टाकू चार चाकाईची. आपली गाडी निंगाली म्हंजे झालं. लोकं पाह्यतीन त्याईचं त्याईले.”

आता नवरा चारवर आला होता, पोरगी चारवर होती, आणि सकाळपासून चारच चार म्हणणाऱ्या वच्छलाबाई आता बाजूच्या गाडीकडे बघत होत्या. त्यांना राग आला होता. नत्थुजीचा आला, हसणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. भर पांदणीत आपली पोर एकटी उभी आहे, हातात फीत आहे आणि गाव हसतंय, हे डोळ्यांपुढून हलेना. गाठोडं डोक्यावर घेऊन चिखल तुडवला तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

त्या उठल्या. बाजूच्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी थापटी मारली.

“हे काढा. दोन चाकाईची.”

“काकू, पण पावसाळ्यात ही तुमच्याकडे...”

“औंदाचा पावसाळा अर्धा त गेला बापू. उरलेल्यात फसली त ढकलू.”

“अवं, पण,” गोवर्धनजी म्हणाले.

“तुमी चूप बसा जरासक.” त्या गीतांजलीकडे वळल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. “आता कळ्या धरल्या हायेत. दसरा होऊ दे मले. माल निंगू दे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येजो फीत घेऊन. पह्यले माह्या सऱ्या मोज आन उचल.”

“आई...”

“आन नत्थुजीले म्हणजो, फितीचं दुसरं टोक तुमी धरा.”