एकतीस सेकंद

गणपतीची आरती झाली, शंकराची झाली, देवीचीही संपत आली, तसे अवधूतराव दाराकडे बघू लागले. आता विठ्ठलाची. तिच्या ध्रुवपदात तो एक सूर येतो, जो सगळे मिळून धरतात आणि दम संपेल तसतसा एकेक जण सोडून देतो. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मंडळात सगळ्यांत शेवटी सूर सोडणारा माणूस गेली बावीस वर्षं एकच होता.

"काका, रेडी?" मंडळाचा सेक्रेटरी परीक्षित मोबाइल नाचवत म्हणाला. त्यावर स्टॉपवॉच लावलेलं होतं. "लास्ट इयर थर्टी-वन सेकंद्स. या वर्षी थर्टी-फाइव्ह हं! सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

सांगून ठेवलं होतं, म्हणजे सुटका नव्हती.

मार्चमध्ये जीपीच्या दवाखान्यातल्या नर्सने त्यांना एका नळीत फुंकायला लावलं होतं आणि मग शांतपणे सांगितलं होतं, की फुप्फुसांचा आजार आहे, जुनाट आहे, तो जायचा नाही. पण सौम्य आहे, सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं मजेत जगाल. अवधूतरावांनी सांभाळलं होतं. सिगारेट सोडली होती. खिशात इन्हेलर आला होता. रोज सकाळी कॅनॉलच्या काठाने दोन मैल चालत होते, वाटेत बदकांशी बोलत होते, आणि खरं सांगायचं तर इतकं बरं त्यांना गेल्या दहा वर्षांत वाटलं नव्हतं. पण हे पत्नी नीनाताईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. आज कळणार होतं. सूर मध्येच तुटणार, सगळे वळून बघणार, आणि पुढच्या वर्षापासून हॉलमध्ये पाऊल टाकलं की कोणीतरी धावत येऊन खुर्ची पुढे करणार. आजाराची नव्हे, त्या खुर्चीची त्यांना धास्ती वाटत होती.

"मी जरा मोदकांचं बघून येतो," ते पुटपुटले.

"मोदक कुठे पळून चाललेत?" टाळ्या न थांबवता नीनाताई म्हणाल्या. "तुमची ती ग्वेन काय सांगते दर गुरुवारी?"

ग्वेन लायब्ररीत छातीच्या दुखणेकऱ्यांसाठी गाण्याचा वर्ग घ्यायची. बारा म्हातारे, बारा इन्हेलर आणि एक बेसूर पियानो. तिचा नियम एकच होता. दम लागला की थांबा, सूर बाकीचे धरून ठेवतील; श्वास घ्या आणि हळूच परत या. गुरुवारी अवधूतराव खुशाल थांबायचे. तिथे त्यांना कोण ओळखत होतं! इथे, आपल्या माणसांत, आपल्या गणपतीपुढे थांबायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

विठ्ठलाची आरती सुरू झाली. शाळेचा हॉल, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, आणि स्मोक अलार्मच्या भीतीने कापूर बंद, म्हणून तबकात विजेचं निरांजन. उंच खिडक्यांतून सप्टेंबरचं कलतं ऊन आत येत होतं. त्या उन्हात साड्या, कुर्ते, लहान मुलांच्या टोप्या असं सगळं जरासं जमिनीवरून उचलल्यासारखं दिसत होतं. पहिलं कडवं संपलं. अवधूतरावांनी नाकाने श्वास घेतला आणि सूर धरला.

पाच सेकंद. दहा. मुलं गळाली, परीक्षित गळाला. बाराव्या सेकंदाला छातीत ती ओळखीची पट्टी आवळली गेली. आणखी थोडं ताणता आलं असतं. बावीस वर्षं त्यांनी ताणलंच होतं.

ते थांबले.

सूर मात्र थांबला नाही. तो तसाच त्यांच्या डोक्यावरून, खिडक्यांजवळून वाहत राहिला. अवधूतराव त्याच्याखाली ओठांचा चंबू करून, ग्वेनने शिकवला तसा, सावकाश श्वास सोडत उभे होते. कॅनॉलवर पहाटे धुकं असतं तेव्हा वाटतं तसं त्यांना वाटलं, आपण चालतही नाही आहोत, काठच मागे सरकतोय. कोणीच वळून बघितलं नव्हतं. त्या सुरात एक बारीक, स्वच्छ आवाज होता, जराही न हलणारा. कोणाचा म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. नीनाताईंचे डोळे मिटलेले होते आणि गळ्याची शीर ताठ झाली होती.

ते बघतच राहिले. मग श्वास भरून त्यांनी त्या आवाजाखाली आपला आवाज हळूच सरकवला. ते परत आले, म्हणून गळालेलेही एकेक करून परत आले. सूर किती लांबला कोण जाणे.

आरती संपली तेव्हा परीक्षित मोबाइलकडे बघत गोंधळून उभा होता. "काका, यू स्टॉप्ड, राइट? मग टाइम काय लिहू?"

"काही लिहू नकोस. छाती जुनी झालीय रे माझी, मधे श्वास घ्यावा लागतो," अवधूतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

खुर्ची आलीच. अवधूतरावांनी आभार मानून तिच्यावर आपला कोट ठेवला आणि ते नीनाताईंजवळ जाऊन उभे राहिले.

"तू इतका वेळ धरतेस तो सूर?"

"दर वर्षी," नीनाताई तबकातली फुलं सारखी करत म्हणाल्या. "तुम्ही कधी ऐकायला थांबलाच नाहीत."