कचरागाडीचं गाणं
त्या गायिकेवर माझा पहिल्यापासून संशय होता. अल्बम माझ्याकडे मिक्सिंगला दिला, पण बाई ताइपेला एकदाही फिरकली नाही. "ह्वालिएनच्या डोंगरात एकटी राहते, घरीच रेकॉर्ड करते," एवढाच तिचा ईमेल. आवाज इतका निखळ की मशीनचाच वाटावा. आज लबाडी पकडायचीच म्हणून वाद्यं बंद करून नुसता गळा ऐकला. दोन ओळींच्या मधे कचरागाडीचं गाणं वाजत होतं, तिसऱ्या सुरावर अडखळणारं. तशी अडखळते फक्त आमच्या गल्लीतली गाडी! मागोमाग माझीच हाक आली: "आई, गाडी आली!" मी वळले. दारात माझ्या या घरच्या स्टुडिओच्या नावाने बोटं मोडणाऱ्या सासूबाई कचऱ्याची निळी पिशवी घेऊन उभ्या. "कोण गं ही? बरी गाते का?" त्यांनी हळूच विचारलं. "थापाडी आहे, पण आवाज शंभर नंबरी!" सासूबाईंनी बांधलेल्या पिशवीला आणखी एक गाठ मारली.