दहा सेकंदांचा हिरवा दिवा

नैरोबीत अवुओरने बनवलेला प्रोग्राम रोज सकाळी सहाला गिऱ्हाइकांच्या दारांवरच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड तपासायचा. गावी, सियायाला, आईच्या दारावर बसवलेला कॅमेराही त्यात होता. पासवर्ड जुळला की कॅमेऱ्याचा हिरवा दिवा दहा सेकंद लागायचा. अवुओर तेव्हा गाढ झोपेत असायची.

रविवारी आईचा फोन आला. "हिरवा दिवा लागला की कळतं मला, तू बघतेयस. पण मी चहा घेऊन दारात येते तोवर पसार! चहा न घेता पाहुणा तरी जातो का गं आपल्यात?"

अवुओरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लगेच प्रोग्राम बदलला. आता अर्धा तास, आईचा चहा संपेपर्यंत, दिवा विझत नाही.



सहाच्या ठोक्याला हल्ली अवुओरला आपोआप जाग येते, आणि ती कूस बदलते.