पऱ्हाटीतली सुई

"याडी ये!" असं आईच्या नावाने ओरडून बिजलीबाईने हात झटकला, आणि तिच्या ओटीतला कापूस पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात सांडला.

बबनराव वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. ते उठून जवळ गेले. वाऱ्याने खाली पडलेला कापूस बिजलीबाई मुठीने गोळा करत होती, त्यातच ती होती. इंजेक्शनची सुई. मागे बोटभर प्लास्टिकची नळी आणि नळीत सुकून काळं पडलेलं काहीतरी.

"कायची सुई हे, मालक?" बिजलीबाईने बोट चोखत विचारलं.

"ढोरांच्या डॉक्टरची असन. मागं बैलाले इंजेक्शन देलतं न."

खोटं इतक्या सफाईने तोंडून निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बिजलीबाईने मान डोलावली. तांड्यावरच्या बाया घेऊन ती दरसाल त्यांच्याच वावरात वेचणीला यायची. मालक कशाला खोटं बोलेल? पदराची चिंधी फाडून तिने बोटाला गुंडाळली आणि पुन्हा वाकली.

बबनराव मात्र जागचे हलले नाहीत. तासातली माती ठिकठिकाणी उकरलेली होती. रानडुकरं रोजच येत, त्यात नवीन ते काय! पण आज त्यांनी त्या खुणा पहिल्यांदा नीट पाहिल्या. धुऱ्यावरच्या शेणखताच्या खड्ड्यातून निघून त्या सगळ्या पऱ्हाटीभर पसरल्या होत्या. एका फांदीला पिवळ्या पिशवीचा तुकडा अडकून फडफडत होता. जन्म ज्या मातीत गेला, तिच्यात पुढचं पाऊल टाकायचं त्यांना भय वाटायला लागलं.

त्यांनी प्रेरणाला फोन लावला. प्रेरणा म्हणजे त्यांची थोरली लेक, बाभुळगावची डॉक्टर. तिच्या नावाची पाटी दवाखान्यावर लागली त्या दिवसापासून बबनराव गावात जरा छाती काढूनच चालत. ती स्कूटी दामटत आली. सुई पाहिली, चिमट्याने उचलून रिकाम्या बाटलीत टाकली आणि बापाला धुऱ्यापलीकडे घेऊन गेली.

"बाबा, हे आपल्याच दवाखान्यातली आहे. तुम्ही खोल खड्डा करून पुरतो म्हणाले होते न? वरून चुना टाकतो म्हणाले होते."

"जमीन दगडावानी झालती, पोरी. खोदनं झालं नाही. मंग शेणखतातच टाकत गेलो. म्हटलं, सडन अन् जिरन. मातीत काय जिरत नाही?"

"सुई जिरते का, बाबा?"

बबनराव खाली बघत पुटपुटले, "रातच्याले डुकरं येतात. रगताच्या वासानं येत असतीन."

बापावर चिडायलाही प्रेरणाला तोंड नव्हतं. दवाखान्याचा कचरा न्यायला गाडी लावून घ्यायची, हे तिचं काम. तिने ते आज करू, उद्या करू म्हणत ढकललं, आणि बाप कचऱ्याच्या त्या पिवळ्या पिशव्या वावरात पुरायला नेतो म्हणाला तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. असं पुरायलाही परवानगी लागते, हे काय तिला माहीत नव्हतं?

"बिजलीबाईले आत्ताच यवतमाळले न्यावं लागन," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या आजच सुरू झाल्या पाह्यजे. अन् तिथं पह्यले हेच इचारतीन, का सुई कुठली."

"ढोरांची सांग."

"तसं सांगतलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी धाडतीन. गोळ्या कायले देतीन?"

बबनरावांनी चक्क हात जोडले. बापाने लेकीपुढे हात जोडायचे, ही वेळ त्यांच्यावर आली होती.

"पोरी, दवाखान्याले टाळं लावतीन. तुह्यावर केस होईन. एवढ्या मेहनतीनं उभं केलं, सारं मातीत जाईन."

"होईन केस. माह्यावरही होईन, तुमच्यावरही होईन. पण तिले काही झालं, तर मी कोणत्या तोंडानं पेशंटचा हात धरू?"

ती वळली आणि सरळ तासात शिरली.

"मावशी, ढोरांची सुई नाही हे. माह्या दवाखान्यातली आहे. कोण्या पेशंटची, ते मलेही सांगता येत नाही. चला माह्यासंगं."

बिजलीबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती बबनरावांकडे बघत राहिली. ती ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसतीच बघत होती, आणि बबनरावांची मान वर होत नव्हती.

वेचणाऱ्या बाकीच्या बायाही आता उभ्या राहिल्या होत्या.

"आणखी कोणाले सुई टोचली का?" प्रेरणाने मोठ्याने विचारलं. "भेऊ नका. सांगा."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बिजलीबाईची सून ममता पुढे आली आणि तिने दोन्ही हात प्रेरणासमोर पसरले. तिच्या मागून एकेक करून सगळ्यांनीच पसरले. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला, तळव्यावर बारीक बारीक टोचे होते. काही सुकलेले, काही अजून लाल.

"मॅडम," ममता म्हणाली, "वाळल्या बोंडाची टोकं रोजच टोचतात. आम्ही पाह्यतही नाही. याच्यातलं सुईचं कोणतं, ते तुम्हीच सांगा."