काळा गोल

डॉक्टर चैत्राली यांनी कागदावरच्या वंशावळीतला अश्विनीचा गोल काळा केला, तशी तिची आई, रत्ना, पुढं वाकून बघू लागली. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याला फेफरं, त्याचा काळा. हा आजार घराण्यातून कसा उतरतो आणि कुणाला कोणती गोळी लागू पडते, याचा अभ्यास करायला डॉक्टर भोरहून वेल्ह्याला येत. सतरा वर्षांच्या अश्विनीला दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, तरी फिट थांबत नव्हती. मागल्या आठवड्यात ती पेटत्या चुलीशेजारीच पडली. वीतभर अंतर राहिलं.

“घरात आणखी कुणाला आहे?”

“आमच्यात कुनाला न्हाई,” रत्नाच्या सासूबाई, धोंडाबाई, म्हणाल्या. “हिच्या म्हायेरी इचारा. सोयरीक करताना आमी नुसता रंग बघितला.”

रत्नाला हे बोलणं नवं नव्हतं. तिनं मनातल्या मनात गावदेवी मेंगाईला हात जोडले. दोष माझ्या माथी येऊ दे, पण पोर वाचू दे.

“अश्विनी, सकाळी उठल्यावर हातांना झटके बसतात का गं?”

“व्हय, लई. येणी घालताना फणी उडती. आई म्हनती, येंधळी हायस.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “हाही त्याच आजाराचा भाग असू शकतो. असे झटके असले तर आत्ताची गोळी कधी कधी त्रास वाढवते. मेंदूचा आलेख काढूच. पण घरात आणखी कुणाचे सकाळी असे हात उडतात का? कधी फिट आली नसली तरी सांगा. गोळी ठरवायला मदत होईल.”

रत्नानं माहेरचं एकेक माणूस आठवून पाहिलं. कुणीच नव्हतं. गोळी बदलून मिळावी म्हणून खोटं नाव सांगावं का, असंही क्षणभर मनात आलं.

धोंडाबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढून मांडीवर ठेवले.

“माजा गोल काळा करा, बाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “लगीन व्हायच्या आदीपास्नं हाय. मालकांनाबी कदी कळू दिलं न्हाई.”

त्यांनी मानेनं रत्नाकडं दाखवलं.

“रोज सकाळी ही च्याचा कप पुढं करती, आन् म्या म्हनते, ठेव खाली. वीस वरसं हिला वाटतंय, सासूला हिच्या हातचं नको. कप उडंल म्हनून घेत न्हवते गं, रत्ना.”