कशा घ्यायच्या

‘पाण्याबरोबर गिळल्या?’ डॉ. दाक्षायणींनी पुन्हा विचारलं. ‘अहो, या कॅप्सूल मशीनमध्ये घालून तोंडानं ओढायच्या असतात. म्हणून तर दम्याचं औषध छातीत पोचलंच नाही.’

मायाक्कानं पलंगाकडं पाहिलं. बिरदेवच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मेंढरांमागं माळ पालथे घालणारा तिचा नवरा आता नुसती कूस बदलतानाही धापा टाकत होता. आणि रोज सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल तळहातावर ठेवून पाण्याचा तांब्या पुढं करत होती ती. आपल्या हातानं.

पिशवीतली कॅप्सूलची डबी आणि ते बोटाएवढं मशीन मुठीत घेऊन ती तरातरा जिना उतरली.

औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. हातात टॅब घेतलेली, छातीवर ‘अपेक्षा’ नावाची पट्टी लावलेली मुलगी हसून आडवी आली.

‘मावशी, आमच्या औषध विभागाच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’

‘थांब. सांगती.’

रांग ओलांडून तिनं डबी काचेवर आपटली. आतला औषधं देणारा गुरुराज दचकला.

‘ह्या तूच दिल्यास न्हवं? कशा घ्यायच्या म्हनून इचारलं तवा काय म्हनलास?’

‘बाई, रांगेत या. डबीवर सगळं लिहिलेलं असतंय.’

‘व्हय, हेच म्हनलास! इंग्रजीत लिवलेलं कुनाला वाचायला येतंय? आमचं मानूस वर निपचित पडलंय. भाईर ये. दाव, कसं ओढायचं.’

रांगेतलं कुणीच ‘लवकर आवरा’ म्हणालं नाही. गुरुराजनं आतल्या जोडीदाराकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. अखेर गुरुराज बाहेर आला. मशीनमध्ये कॅप्सूल घातली, मशीन पिळून ती फोडली. आधी श्वास सोडायचा, मग मशीन ओठांत घट्ट धरून जोरानं ओढायचं, दम रोखायचा. मिनिटभरही लागलं नाही.

‘एवढंच व्हतं?’ मायाक्काचा आवाज चिरकला. ‘अरं, एवढंच सांगायचं व्हतं?’

गुरुराजनं मशीन तिच्या हातात परत ठेवलं.

रांगेच्या शेवटाहून एक म्हातारा हळूहळू पुढं आला. त्याच्या हातात तसलीच डबी होती.

‘आमी नातीला दुधातनं देतोय की,’ तो म्हणाला.