गाळलेली ओळ
नात इरा लातुरात कोचिंगवाल्यांचं ॲप बनवते. ॲपच्या दुरुस्तीनंतर काय बदललं याची यादी आता यंत्रच लिहितं, म्हणून मिरवत होती. मी त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचं कॅलेंडर तिच्यापुढं टाकलं. दुसरीपर्यंत शिकलेली मी, पण पडलेलं घर उभारताना त्यावर रोज एक ओळ लिहायचे: भिंत बांधली, पत्रे टाकले, कडी बसवली. तिनं फोटो काढले, यंत्रानं यादी केली अन् एक ओळ गाळली. "कोणती गं?" "'आज सासूबाई आत निजल्या.' त्यात दुरुस्ती कुठं आहे, आज्जी?" सहा महिने म्हातारी भूकंपाच्या धास्तीनं छताखाली आली नव्हती, अंगणातच बाज टाकायची. "घर त्या दिवशी झालं. तुझ्या यंत्राला झोपच न्हाई, त्याला काय कळतंय?" इरानं ती ओळ सगळ्यात वर घेतली. "अन् तू कधी निजलीस?" "सकाळी, ती सुखरूप उठल्यावर. ते मात्र मी लिहिलं न्हाई."